फॅट, उतारा, टंच आणि रसायनशास्त्राचा पहिला धडा

कोल्हापूर जिल्ह्यात सकाळी किटली घेऊन दूध संस्थेत गेलेल्या माणसाला घरी आल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘फॅट किती लागली?’ ऊस घालणाऱ्यांच्या बोलण्यात हंगामभर उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो आकडा, असतो. हुपरी या दागिन्यांच्या गावात चांदीचा व्यवहार टंचावर, म्हणजे चांदीच्या शुद्धतेवर, ठरतो. धंदे तीन, मोजमापं तीन, पण तिन्हींच्या मागे रसायनशास्त्रातली एकच गोष्ट आहे. दूध, उसाचा रस आणि दागिन्यांची चांदी ही तिन्ही मिश्रणं आहेत. मिश्रणात घटकांचं प्रमाण ठरलेलं नसतं. गायीच्या दुधात साडेतीन-चार टक्के फॅट, म्हशीच्या दुधात सहा-सात, आणि एकाच म्हशीचं दूध वैरण बदलली की बदलतं. प्रमाण बदलतं म्हणून मोजावं लागतं आणि मोजल्यावरच दर ठरतो. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो किमान दरसुद्धा, उताऱ्याला बांधलेली आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये धरली होती.

आता शुद्ध साखर घ्या. तिच्यात कार्बन किती, असं कुणी गाडीगणिक तपासत नाही. कारण ते तपासायची गरजच नाही. साखर शिरोळच्या उसाची असो, करवीरची असो किंवा युरोपातल्या बीटाची असो, शंभर ग्रॅम शुद्ध साखरेत साधारण ४२ ग्रॅम कार्बन, साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर हायड्रोजन आणि साडेएक्कावन्न ग्रॅम ऑक्सिजन असतोच. इथं प्रमाण निसर्गानंच बांधून दिलंय. असा पदार्थ म्हणजे संयुग. आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही मूलद्रव्यं.

शाळेत हे उलट्या क्रमानं शिकवतात. आधी मूलद्रव्याची व्याख्या, मग संयुगाची, शेवटी मिश्रणाची. मला हा क्रम पटत नाही. आपल्या हाताला रोज लागतात ती मिश्रणं. शुद्ध संयुग क्वचित, आणि शुद्ध मूलद्रव्य तर त्याहून क्वचित. जे हातात आहे तिथून सुरुवात केली तर मुलांना व्याख्या पाठ करावी लागत नाही. ‘याची फॅट मोजावी लागेल का?’ एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला तरी निम्मं काम होतं.

एक समज मात्र सुरुवातीलाच दूर करायला हवा. चांगलं ढवळलं, एकजीव झालं, आता वेगळं दिसत नाही, म्हणजे संयुग तयार झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. साखरेचा पाक काचेसारखा स्वच्छ दिसतो, तरी ते मिश्रणच आहे. साखरेचा रेणू साखरेचाच राहिलेला असतो, पाण्याचा पाण्याचाच. म्हणून पाक गोड लागतो, आणि पाणी उडून गेलं की साखर जशीच्या तशी परत मिळते. अशा मिश्रणाला समांगी म्हणतात. दूधही डोळ्यांना एकसारखंच दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की स्निग्धांशाचे बारीक गोळे पाण्यात तरंगताना दिसतात. तेच गोळे वर आले की साय. म्हणजे दूध विषमांगी मिश्रण. दोन्हीकडे घटकांनी आपली ओळख सोडलेली नाही, आणि मिश्रणाची खरी खूण हीच.

संयुगात ही ओळख पुसली जाते. कार्बन म्हणजे काळा कोळसा. हायड्रोजन भडकन पेट घेणारा वायू. ऑक्सिजन आपण श्वासात घेतो. या तिघांपैकी एकही गोड नाही, एकाचाही पांढरा दाणा नाही. बारा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि अकरा ऑक्सिजन अणू एका ठरावीक रचनेत बांधले गेले की साखरेचा एक रेणू होतो, आणि गोडी त्या बांधणीतून येते. खात्री करायची असेल तर चमचाभर साखर पळीत घेऊन आचेवर धरा. आधी ती वितळते, पिवळी होते, तपकिरी होते, मग धूर येतो आणि शेवटी पळीत काळा कोळसा उरतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मुख्यतः वाफ होऊन निघून गेले, कार्बन मागे राहिला. तो कार्बन बाहेरून आलेला नाही, त्या पांढऱ्या दाण्यात आधीपासूनच होता.

‘संयुगात प्रमाण ठरलेलं असतं’ हे आज एका ओळीत सांगता येतं, पण त्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मोठा वाद झाला. जोसेफ प्रूस्त हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा स्पेनमध्ये काम करत होता. त्यानं खनिज म्हणून सापडलेलं तांब्याचं कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कार्बोनेट यांची वजनं करून दाखवलं की दोन्हींत तांब्याचं प्रमाण सारखंच आहे. बर्थोले या तितक्याच मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की प्रमाण कमी-जास्त होऊ शकतं. उदाहरणादाखल तो काच, मिश्रधातू, द्रावणं पुढे करायचा. प्रूस्तचं उत्तर होतं, की ही संयुगं नाहीतच, ही मिश्रणं आहेत. काही वर्षं चाललेल्या या वादातूनच संयुग आणि मिश्रण यांच्यामधली रेघ स्पष्ट झाली. कोल्हापूरकराला आवडावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे याच प्रूस्तनं वनस्पतींच्या रसांतल्या साखरांचाही अभ्यास केला होता, आणि द्राक्षातली साखर मधातल्या साखरेसारखीच असल्याचं दाखवलं होतं.

मूलद्रव्य म्हणजे काय, हे ठरवणंही सोपं नव्हतं. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये सरळ कसोटी घातली: जे कोणत्याही उपायानं आणखी साध्या पदार्थांत फोडता येत नाही, ते मूलद्रव्य. त्यानं ३३ साध्या पदार्थांची यादी केली. त्यात सोनं, चांदी, लोखंड, गंधक तर होतेच, पण प्रकाश आणि उष्णताही होती, आणि चुनासुद्धा होता. चुना त्या वेळी कुणाला फोडता येत नव्हता. चुन्यासारख्या ‘मातीं’मध्ये एखादा धातू दडलेला असावा, अशी शंका लाव्हाझिएलाही होती. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ साली त्याला गिलोटीनखाली जावं लागलं. पुढे १८०८ मध्ये लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यानं पाऱ्याची मदत घेऊन चुन्यातून वीज सोडली आणि त्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा काढला. चुना यादीतून गेला, त्याच्या जागी कॅल्शियम आलं. व्याख्या चुकलेली नव्हती, फोडायचं हत्यार कमी पडत होतं. आज मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे. त्यातली शेवटची काही फक्त प्रयोगशाळेत, तीही क्षणभरासाठीच तयार होतात.

त्या चुन्याला आपल्या गुऱ्हाळात मान आहे. आणि गुऱ्हाळ ही या सगळ्या विषयाची सर्वांत चांगली शाळा आहे, असं मी मनापासून मानतो. कोल्हापूर भागात गुळाचा व्यापार इतका मोठा की शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठच वसवली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रसायनशास्त्र बघायचं असेल तर पेठेत नको, काहिलीजवळ, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ, उभं राहा.

घाण्यातून काहिलीत आलेला रस म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात साधारण १२ ते १८ टक्के साखर, थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग प्रथिनं, डिंकासारखे पदार्थ, आम्लं, क्षार, मातीचे कण. अस्सल मिश्रण. चुलवाणात चिपाड सारत राहतात आणि रस तापत जातो. तेव्हा त्यात चुन्याची निवळी घालतात. ही निवळी ज्या कळीच्या चुन्यापासून करतात, तो पाण्यात टाकला की फसफसून भांडं चटका बसेल इतकं तापतं. कॅल्शियम ऑक्साइड आणि पाणी एकत्र येऊन नवीन संयुग होतंय, त्याची ती उष्णता. रसात गेल्यावर निवळी आम्लं मारते. रसातल्या फॉस्फेटशी कॅल्शियमचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. तो साका आणि उष्णतेनं गोठलेली प्रथिनं मिळून मळी वर येते. काही ठिकाणी रानभेंडीचा चिकही घालतात. त्यानं बारीक कण एकमेकांना चिकटतात. मग मोठ्या झाऱ्यानं मळी काढून टाकतात. या एका टप्प्यात दोन वेगळ्या गोष्टी होतात. चुना आणि आम्ल यांची क्रिया रासायनिक, कारण नवे पदार्थ जन्माला आले. झाऱ्यानं मळी काढणं भौतिक, कारण तिथं फक्त मिश्रणातला एक भाग बाजूला केला.

त्यानंतर काहिलीत जे होतं ते थर्मामीटर लावून बघावं असं आहे. शुद्ध पाणी एका ठरावीक तापमानाला उकळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून इथं ते शंभराच्या जरा अलीकडे, साधारण ९८ अंशांवर उकळतं. पण भांडं आटेपर्यंत ते तिथंच थांबतं, कितीही जाळ घाला. काहिलीतला रस मात्र उकळता उकळता वर चढत जातो. पाणी उडतं, साखर दाट होते आणि उकळण्याचं तापमान वाढतं. १०५ अंशांच्या आसपास काकवी उतरवता येते. साधारण ११६ ते ११८ अंशांवर गूळ धरतो. एका तापमानाला ठाम राहतो तो शुद्ध पदार्थ. तापमान सरकत राहतं ते मिश्रण. प्रयोगशाळेत शुद्धता तपासायला आजही हीच खूण वापरतात.

गुळव्या थर्मामीटर बघत नाही. तो उकळत्या पाकाचा बुडबुडा बघतो, त्याचा वास घेतो, थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी वळून बघतो. गोळी पसरली तर अजून वेळ आहे. टणक गोळी बांधली गेली की काहील उतरवायची. त्या गोळीत तो खरं तर पाण्याचं प्रमाण मोजतोय. मिश्रणाचा टंचच काढतोय म्हणा.

एक साधा प्रयोग घरी करता येतो. गूळ पाण्यात विरघळवून बघा. गोड पाणी होतं, पण उसाचा रस काही परत होत नाही. तो हिरवट रंग नाही, तो ताजा वास नाही. फक्त पाणी उडालं असतं तर पाणी घातल्यावर रस परत यायला हवा होता. येत नाही, कारण उष्णतेनं काही साखर आणि प्रथिनं बदलून नवीन तपकिरी, खमंग वासाची संयुगं झालेली आहेत. ती मागे फिरत नाहीत.

शिळा ऊस गाळला की गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो, हा अनुभव गुऱ्हाळावाल्या प्रत्येकाला असतो. तिथंही एक संयुग तुटलेलं असतं. तोडून ठेवलेल्या उसात साखरेचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो आणि एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज तयार होतो. ही दोन्ही सहजासहजी दाणा धरत नाहीत आणि हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून गूळ कणीदार होत नाही आणि पावसाळ्यात गुळाचा रवा (ढेप) पाझरतो. या दोघांबद्दल एक नवलाची गोष्ट सांगायलाच हवी. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्हींत अणू सारखेच: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. तरी फ्रुक्टोज कितीतरी जास्त गोड. म्हणजे संयुगाची ओळख नुसत्या प्रमाणावर पुरी होत नाही. कोणता अणू कुणाला जोडलाय, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

दुकानात ‘केमिकलमुक्त गूळ’ अशी पाटी दिसते. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हे शब्द अर्थहीन आहेत. गुळातली साखर हे रसायन, पाणी हे रसायन, चुना हेही रसायन. पण पाटीमागची काळजी रास्त आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. ती रंगाच्या संयुगांना फिकं करते आणि मागे गंधकाची संयुगं ठेवते. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा त्यामुळेच घातलेली आहे. तेव्हा गूळ घेताना नेमका प्रश्न असा विचारावा: ‘यात हायड्रोस आहे का?’ तपकिरी गूळ बघायला कमी देखणा असतो, पण मी तोच घेतो.

आता हुपरीकडे वळू. शुद्ध चांदी मऊ असते, पैंजण लवकर वाकतात, म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. ९२५ टंच म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. कमी टंचाचा मालही बनतो, आणि हेच तर मिश्रणाचं लक्षण, की हवं तसं प्रमाण धरता येतं. शुद्ध चांदी ९६२ अंशांवर वितळते. ९२५ ची चांदी त्याच्या खाली मऊ पडायला लागते आणि ९०० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते. मिश्रण असल्यामुळे वितळण्याचा एकच बिंदू नाही, टप्पा आहे. बर्थोलेचं उदाहरण इथं आपल्या मुशीत दिसतं.

टंच काढण्याची रासायनिक पद्धत मला फार सुंदर वाटते. गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात ती रूढ केली. चांदीचा तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा. तांब्यामुळे द्रावणाला निळसर छटा येते. मग त्यात मिठाचं पाणी सोडायचं. क्षणात पांढरा, दह्याच्या कवड्यांसारखा साका पडतो. हा सिल्व्हर क्लोराइड. तांबं द्रावणातच राहतं. गे-ल्युसॅक लागणारं मिठाचं पाणी मोजायचा. आपण समजायला सोपं म्हणून साका गाळून, वाळवून वजन करू. सिल्व्हर क्लोराइड हे संयुग आहे, त्यात चांदी ७५.२६ टक्केच असते, जगात कुठंही करा. एक ग्रॅम तुकड्यातून १.२२९ ग्रॅम साका मिळाला तर त्यात ०.९२५ ग्रॅम चांदी आहे. मिश्रणातलं बदलतं प्रमाण आपण संयुगाच्या न बदलणाऱ्या प्रमाणावरून मोजलं. वजनाच्या काट्याला जसं ठरलेलं माप लागतं, तसं इथं संयुग माप झालं.

चांदी काळी पडते त्याचं कारणही सांगून टाकतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी तिचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो मळ नाही, संयुग आहे. म्हणून साबणानं जात नाही.

शेवटचं उदाहरण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधलं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांमधलं. हे सगळ्यांत अवघड आहे, पण वर जे सांगितलं त्याची खरी परीक्षा इथंच होते. बिडात म्हणजे कास्ट आयर्नमध्ये लोखंडाबरोबर तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन असतो. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळतं, बीड साडेअकराशेच्या आसपासच पातळ होतं. वितळलेल्या बिडाचा रस साच्यात ओतला आणि सावकाश गार झाला, तर कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा पडतो. पेन्सिलीत असतो तोच ग्राफाइट. असं बीड तोडलं तर तुटलेली बाजू करडी दिसते आणि मशीनवर ते सहज कापलं जातं.

पण तोच रस पातळ कडेला झपाट्यानं गार झाला, तर कार्बनला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावतो आणि सिमेंटाइट हे संयुग होतं. तीन लोखंड, एक कार्बन. वजनानं कार्बन ६.७ टक्के, ठरलेला. सिमेंटाइट अतिशय कठीण आणि ठिसूळ असतं. फौंड्रीत म्हणतात, ‘कास्टिंगला चिल आलं.’ तुटलेली कड पांढरी चकचकीत दिसते. टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कामगार, टूल लावतो तेव्हा टूलची धार जाते, कड मात्र कापली जात नाही.

हेच समजून घेण्यासारखं आहे. कडेला आणि मधल्या जाड भागात कार्बनची टक्केवारी एकच. रासायनिक विश्लेषणाचा रिपोर्ट दोन्हीकडे जवळपास तेच आकडे देईल, कारण तो मूलद्रव्यं मोजतो. मूलद्रव्य सुटं आहे की संयुगात बांधलं गेलंय, हे त्या आकड्यांतून कळत नाही. एकाच कास्टिंगमध्ये एका बाजूला कार्बन मूलद्रव्य म्हणून आहे, दुसऱ्या बाजूला संयुगात अडकलेला आहे, आणि मालाचं भवितव्य त्यावर ठरतं.

म्हणून ओतण्याआधी रसाची पाचर ओतून, गार करून, तोडून बघतात. टोकाकडे पांढरा भाग किती खोल गेलाय त्यावरून चिलचा अंदाज येतो. तो जास्त असेल तर लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉन या लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे दाणे टाकतात. त्यानं ग्राफाइटला सुरुवात करायला जागा मिळते आणि कार्बन संयुगात न जाता सुटा पडतो. चिल आलेलं कास्टिंगही दरवेळी वाया जात नाही. ९०० अंशांच्या आसपास भट्टीत कितीतरी तास ठेवलं, तर सिमेंटाइट हळूहळू फुटतं, लोखंड आणि ग्राफाइट वेगळे होतात, आणि आधी टूलला दाद न देणारी कड मग मशीनवर कापता येते.